फ्रेंड रिक्वेस्ट

पनवेलमध्ये आमच्या ज्यू समाजातली लग्नाच्या वयाची दोनच माणसं उरलीत, मी आणि अवीव. बाकीचे इस्रायलला गेले आणि तिथून फेसबुकवर आमच्यावर नजर ठेवून बसलेत. माझ्या यादीत चारशे नातेवाईक आहेत, पण सिनेमाला सोबत यायला एकही नाही.

शनिवारी सिनेगॉगमध्ये तो पुरुषांत बसतो, मी बायकांत. आम्ही कधी बोललो नाही. बोललो की लोक थेट मेंदीची तारीखच विचारणार!

मंगळवारी त्याची फ्रेंड रिक्वेस्ट आली. ऑफिसात जेवता जेवता मी ती स्वीकारली. डबा बंद करते तोच इस्रायलमधल्या अश्दोदहून मावशीचा फोन, "अगं शुलामिथ, आम्हाला कळलं हं! अंगठी माझ्याकडून." संध्याकाळी घरी आले, तर आई मलिद्यासाठी, म्हणजे आमच्यात लग्नकार्याआधी होणाऱ्या प्रसादासाठी, पोहे निवडत बसलेली. मी चिडून अवीवला यादीतून काढून टाकलं.

शनिवारी सिनेगॉगबाहेर मी चपला घालत असताना तो शेजारी आला. खाली बघतच म्हणाला, "सॉरी. मला फक्त विचारायचं होतं, तुलाही इथे बोलायला कोणी नाही का?"

पायरीवर दोन आज्या थांबून आमच्याकडे बघत होत्या.

मी दुसरी चप्पल हातातच घेतली आणि त्यांनी तारीख विचारायच्या आत घराकडे चालू लागले.