वाकड्या हँडलचा शरणु

साखर वाढलीय, रोज सायकल चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवी सायकल विकत घेतली तर ते उदगीरचे सिद्रामप्पा कसले! कॉलेजात हौसेनं घेतलेली रेसिंग सायकल त्यांनी माळ्यावरून उतरवली. सीट उंच, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. बसलं की कमरेत वाकावं लागे, पोट मांड्यांवर येई आणि डोळ्यांना फक्त डांबर दिसे. कॉलेजात याला रुबाब म्हणत. साठीला त्याचं लोटांगण झालं होतं.

पाठदुखी अप्पांनी सोसली असती हो. पण वाटेत चंद्रप्पाचं भुसार दुकान होतं.

चंद्रप्पा म्हणजे अप्पांचा लंगोटीयार. पण त्याच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत अप्पांचं नाव निमंत्रकांत यायचं, ते खाली ‘किलबिल’मध्ये छापलं गेलं, चिंटू आणि परीच्या मधोमध. छापखान्याची चूक, असं चंद्रप्पा शंभरदा म्हणाला. बाजार मात्र पोट धरून हसला. तेव्हापासून बोलणं बंद. चंद्रप्पाला आपण होऊन शरणु म्हणायचं नाही, वाकून नमस्कार घालायचा नाही, हे अप्पांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि आता रोज सकाळी त्याच दुकानासमोरून ते वाकून जात, आणि ओट्यावरून शरणुला द्यायचं उत्तर येई, “शरणार्थी, सिद्रामप्पा, शरणार्थी!”

“डिवचतंय बेनं,” अप्पा घरी येऊन चरफडत.

“मग दुसऱ्या गल्लीनं जावा की,” त्यांच्या बायको सिद्धम्मा म्हणाल्या.

“मी? मी रस्ता बदलू?”

त्यापेक्षा सायकल बदललेली बरी. अप्पा व्यंकटी मेकॅनिककडे गेले.

“कंबर लई दुखती का, अप्पा?”

“कंबर मरू दे. मान वर राहिली पायजे माझी.”

व्यंकटीनं वाकडं हँडल काढून सरळ बसवलं, त्याचा दांडा उंच केला, सीट जराशी खाली घेऊन पुढं सरकवली. अप्पांनी चक्कर मारली. पाठ ताठ, छाती पुढं, खांद्यावरचा भार गेलेला. इतकं सुख त्यांना लग्नाच्या घोड्यावरही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम सावकाश निघाले. दुकान आलं. मान ताठ ठेवून त्यांनी ओट्याकडे पाहिलं. इतके दिवस नुसता आवाज ऐकला होता, तोंड आज दिसलं. चंद्रप्पा त्यांचीच वाट बघत असल्यासारखा पुढं सरकून बसला होता. हसरा. हात जोडायला अर्धे वर आलेले. त्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

अप्पांची ताठ मान बघून ते हात तसेच खाली गेले.

“काय झालं रं, सिद्रामप्पा?” चंद्रप्पाचा आवाज बारीक झाला होता. “रोज शरणु करत जातूस, आज न्हाई? आता काय चुकलं माझं?”

अप्पांनी ब्रेक दाबला. हा गाढव इतके दिवस खरंच उत्तर देत होता! आणि आपण? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघून जावं तर पायडल मारवेना.

ते खाली उतरले.

“तुझं काय न्हाई चुकलं,” अप्पा खाकरले. “हँडल बदललंय. आता तोंडानं म्हणावं लागतंय. शरणु, चंद्रप्पा.”