पुढचा खडक

तात्या आपल्या हौसेच्या होडीसाठी पाण्याखालचं दाखवणारं सोनार यंत्र घ्यायला आले होते आणि दुकानदाराने तासभर त्यांचं डोकं खाल्लं होतं. हे मशीन मासे किती खोल आहेत ते दाखवतं, ते तर तळाचा चिखलसुद्धा रंगीत दाखवतं.

“खड्ड्यात गेले मासे,” तात्या वैतागून म्हणाले. “पुढचा खडक दाखवणारं आहे का?”

“आहे ना. पण आजवर कसं भागवलंत, काका?”

“बायको पुढे बसायची. खडक दिसला की ओरडायची.”

गेल्या हिवाळ्यात ती गेली, हे सांगायचं त्यांनी टाळलं. दुकानदाराने एका मशीनवर डेमो लावला. पडद्यावरची होडी निघाली, समोर काळा डाग उगवला आणि मशीन कर्कश वाजू लागलं.

“दिसतंय गं मला, आंधळा नाहीये मी,” तात्या सवयीने खेकसले.

दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. मशीन वाजतच राहिलं. दुकानदाराने हळूच बटणाकडे हात नेला.

“आवाज बंद करता येतो, काका.”

तात्यांनी त्याचं मनगट धरलं.

“नको,” ते म्हणाले. “ओरडू दे तिला.”