पांढऱ्या काठीचा माणूस

रेजाँ लाशापेलने स्केटची नाडी सोडायला घेतली तेवढ्यात बाकावरचा फोन थरथरला. पुन्हा थरथरला, आणि मग थरथरतच राहिला. एक पाय स्केटमध्ये तसाच ठेवून त्याने फोन डोळ्यांसमोर धरला.

पांढरी काठी पुढे करून चालणारा एक छोटा माणूस. त्याखाली तसाच दुसरा, तिसरा. पडदाभर रांग.

मुलांच्या हॉकी संघाच्या पालकांचा हा ग्रुप. सामन्यांच्या वेळा तिथेच कळायच्या, म्हणून पंच असलेल्या रेजाँलाही त्यात घेतलेलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला रेजाँच्या नजरेतून एक आगळीक सुटली, तेव्हा पालकांपैकी ड्वेन कोवालचुकने हा इमोजी पहिल्यांदा टाकला. आंधळ्या माणसाचं चित्र. वेगळं काही लिहायची गरजच नव्हती. सगळे हसले. रेजाँही हसला होता. तेव्हापासून दर शनिवारी, चूक असो नसो, हा माणूस काठी टेकत हजर व्हायचा.

आज मात्र चूक होती. संघातल्या बास्तियाँला डाव्या कठड्यापाशी कुणीतरी मागून धडक दिली. पोरगा खांदा धरून बर्फावर पडून राहिला, आणि रेजाँची शिट्टी वाजली ती लोक ओरडल्यावर.

बाहेर ओडिल गाडी सुरू ठेवून बसली होती. हल्ली गाडी तीच चालवायची. नवऱ्याची पाठ धरलीय, असं ती गावात सांगत असे.

"कसाय तो पोरगा?" तिने विचारलं.

"हाड मोडलं नाही म्हणे."

"मी काचेतून बघितलं सगळं."

"मी नाही बघितलं," रेजाँ म्हणाला.

ओडिलने गाडी हलवली नाही. सडबरीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर कडांकडून मिटत येईल. तशी ती येत होती. समोरचं लख्ख दिसे, पण नळीतून पाहिल्यासारखं. दवाखान्यातून मिळालेली घडीची काठी घरी बुटांच्या कपाटात पडून होती.

"सांगून टाक आता," ओडिल म्हणाली.

"काय सांगू? ड्वेन म्हणतो तेच खरं आहे म्हणून?"

"पुढच्या शनिवारी आणखी कुणाचं पोर पडेल."

तो बराच वेळ हातमोजा ओढत राहिला. मग मोजा काढून त्याने लिहायला घेतलं. 'ड्वेन, तुझं बरोबर आहे. मला बाजूचं दिसत नाही. बरेच दिवस झाले. यापुढे दुसरा पंच बघा.' बोट तिथेच थांबलं. मग शेवटी त्याने तो काठीवाला माणूस टाकला आणि पाठवून दिलं.

उत्तरं धडाधड आली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे, एकाखाली एक. मग ड्वेन: 'शाब्बास रेजाँ! या मोसमातला तुझा पहिला बरोबर निर्णय!' त्यावर आणखी चेहरे.

ओडिलने त्याच्या हातातून फोन घेऊन वाचलं.

"हे चित्र कशाला टाकलंस शेवटी?"

"नुसतं लिहवेना," तो म्हणाला.

रविवारी सकाळी चर्चनंतर निम्मं गाव डोनटच्या दुकानात असतं. ओडिल गाडी लावायला गेली आणि रेजाँ एकटाच दार ढकलून आत आला. हातात काठी होती. ती घडी उघडून नीट धरायलाही त्याला अजून जमत नव्हतं.

"अरे वा!" खिडकीजवळच्या टेबलावरून ड्वेनचा आवाज आला. "सोंगच घेऊन आलाय बघा!"

दुकान हसलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सवयीने रेजाँचंही तोंड हसरं झालं, आणि झालेलं तोंड परत कसं आवरावं ते त्याला कळेना. परत फिरावं तर दारही त्या हशातूनच गाठायचं. तो ड्वेनच्या आवाजाच्या रोखाने चालत राहिला. काठी एका खुर्चीच्या पायाला लागली. हसणं आणखी वाढलं.

टेबलापाशी तो थांबला. समोर ड्वेनची लाल टोपी दिसत होती.

"ड्वेन, माझ्या डाव्या हाताला कुणी बसलंय का?"

"म्हणजे?"

"कोटाचा वास ओळखीचा वाटतोय. पण कोण आहे ते दिसत नाही."

ड्वेन हसायला लागला आणि मध्येच थांबला. मागच्या टेबलांवर अजून हसू चालू होतं.

"आई आहे," तो म्हणाला. "माझी आई आहे, रेजाँ."

रेजाँने मान पूर्ण वळवली. तेव्हा कुठे म्हातारी ओलेना त्याच्या नळीत आली. ती हाताच्या अंतरावर बसली होती आणि तिने त्याच्यासाठी हात पुढे केलेला होता. केव्हापासून, कोण जाणे.

"आई, मी मुद्दाम नाही हो," रेजाँ म्हणाला.

"कळलं मला," ओलेना म्हणाली. तिने त्याची बाही धरून त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. काठी त्याच्या हातातून घेऊन स्वतःच्या मांडीवर आडवी ठेवली. मग मुलाकडे न बघता म्हणाली, "त्याला कॉफी आण."

ड्वेन उठला. काउंटरवर रांग नव्हती. तरी कॉफी यायला फार वेळ लागला.