केणीच्या खाचेतली माती

मित्रांनो, सोसायटीच्या पडवीत भिंतीला टेकवलेली ही जुनी फळी म्हणजे मी. माझं नाव केणी. बाभळीचं अंग, खाली लोखंडी पट्टी आणि मागं दोन मुठी. बैल मला ओढायचे. मूठ दाबली की माझ्यापुढं माती गोळा व्हायची, उचलली की मी रिकामी.

बहात्तरच्या दुष्काळात तलवाड्याजवळच्या आमच्या गावानं जमीन सुधारणा सोसायटी काढली आणि बिभीषण सुताराकडून मला घडवून घेतलं. बांध घालायचे, उजाड माळ लागवडीला आणायचा. घरटी दोन दिवस माझी पाळी. मूठ मात्र बहुतेकदा सटवा धनगराच्या हातात असायची. दुष्काळानं त्याची मेंढरं नेली होती. बांधाखाली, नाल्याच्या उताराला त्याचा दीड एकर मुरूम होता. कोरड्या तळ्यातला गाळ तो आणि त्याची बायको रतनबाई उन्हाळाभर डोक्यावर वाहत होती. आता शेतकरी व्हायचं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं.

सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांचं शेत वरच्या अंगाला होतं. जादा पाणी जायला बांधात ठेवलेल्या वाटेपायी, म्हणजे सांडव्यापायी, त्यांची चार सऱ्यांएवढी जमीन अडत होती. त्यांनी तो बुजवायला सांगितला.

सटवा म्हणाला, "मालक, पाणी हितूनच जातंय. पावसात माजी मेंढरं ह्या वाटंवर कदी बसली न्हाईत."

"मेंढरं गेली, आता त्यांची अक्कल कावून सांगतो बे? परवा तुजी पाळी हाय ना? ती पायजे आसंल, तर आदी ह्यो बुजीव."

सटवानं मूठ दाबली. मित्रांनो, तो सांडवा मीच बुजवला.

दोन दिवसांनी त्याच्या पाळीला मी त्याच्या रानात गाळ पसरला. रतनबाईनं मला कुंकू लावलं. आठ दिवसांत पाऊस आला, तुंबलेलं पाणी बांध फोडून उतरलं आणि सगळा गाळ घेऊन गेलं. खाली नुसता मुरूम उरला.

"आवो, तुमाला ठावं होतं, मंग मूठ कावून दाबली?" रतनबाईनं विचारलं.

पुढं मोहनरावांनीच सांडवा उघडून घेतला. माळावर गवत आलं, विहिरींना पाणी आलं, मला हारसुद्धा घातला. तोवर सटवा आणि रतनबाई तेलगावकडं ऊसतोडीला गेली होती. ती परतली नाहीत. नंतर यंत्रं आली आणि मी या भिंतीला लागले.

मित्रांनो, बांध जरूर घाला, पण पाण्याची वाट अडवू नका, आणि ती वाट ठाऊक असलेल्या माणसाचं ऐका. माझ्या पट्टीच्या खाचेत गाळाचं एक ढेकूळ अजून चिकटलेलं आहे. कुणी मला धुवायला काढलंत, तर ते नाल्याच्या उताराला नेऊन टाका. ते सटवाच्या शेताचं आहे.