दारातल्या मुंग्या

निवृत्त झाल्यावर माणसं घर बांधतात. आमच्या ह्यांनी घराला चाकं लावली. जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, गिझर, हातभर मोरी, सगळं बसवलं. चाळीस वर्षं वायरमन होते, त्यामुळे वायरिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ. गाव बदललं की गाड्यांच्या तळावर जागा घ्यायची, तिथल्या खांबाला केबल जोडायची आणि संसार सुरू.

या तळावर आल्यापासून माझ्या हाताला मुंग्या येत होत्या. सकाळी दवातल्या गवतावर अनवाणी फिरून आले आणि दाराची कडी धरली की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. पुढे तिच्या हातातून पेले पडायला लागले, मग काहीच धरवेना. मन चिंती ते वैरी न चिंती! रविवारी लेक दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती, आमच्या पहिल्या नातीला. ती माझ्या हातातून सुटली तर? शेवटी लेकीला 'इतक्यात येऊ नका' असा फोन करायचं ठरवलं, आणि ह्यांच्यापुढे तोंडाला कुलूप लावलं.

त्या सकाळी मी हाताला टॉवेल गुंडाळून दाराकडे निघाले, तर हे खांबापाशी उभे.

"हे काय नवीन? दाराला ताप आलाय का?"

मला रडूच फुटलं. आईचं, पेल्यांचं, बाळाचं, सगळं सांगून टाकलं.

"आत असताना येतात मुंग्या?"

"नाही."

"चपला घातल्या असतील तर?"

मी आठवून पाहिलं. "नाही. अनवाणी आले की, दारातच."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मागे हो. गाडीला हात लावू नकोस."

पेनासारखा टेस्टर त्यांनी पत्र्याच्या नुसता जवळ नेला, तर तो टीं टीं करत सुटला. ह्यांनी आधी खांबावरचा स्विच पाडला, मग केबल काढली. मग तपासायचा मीटर काढला. त्याचं एक टोक केबलच्या प्लगमधल्या अर्थिंगच्या पिनेला, दुसरं पत्र्याला. जोड धड असेल तर मीटर वाजतो. वाजला नाही.

प्लग उघडला. आत अर्थिंगची हिरवी तार मोकळीच लोंबत होती. मग एकेक उपकरण तपासलं. गिझरमधून पत्र्यावर वीज गळत होती आणि तिला परत न्यायला तारच जागेवर नव्हती, म्हणून खांबावरचा स्विचही आपोआप पडला नव्हता. हे कायम रबरी चपलेत, ह्यांना कशाला कळतंय! दिव्याखाली अंधार.

"हा प्लग कुणी बसवला?" मी विचारलं.

"मीच. गेल्या महिन्यात." ते गवतावर बसले. "तार भोकात गेली की नाही ते दिसलंच नाही. अंदाजाने स्क्रू पिळला. वर्षभर बारीक काही दिसत नाही मला. बोललो असतो तर तुम्ही मायलेकींनी गाडी विकायला लावली असती." मग हळूच म्हणाले, "मी तुला मारलंच असतं गं."

मला राग आला, भयंकर आला. पण त्यांचे हात थरथरत होते आणि माझे नव्हते. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. ते सांगत गेले तशी मी गिझरची वायर सोडवली, हिरवी तार भोकात घातली, स्क्रू आवळला, तार ओढून पाहिली. या वेळी मीटर वाजला. मग केबल जोडून स्विच वर केला. ओल्या जमिनीत सळई खोचून ह्यांनी मीटरचं एक टोक तिला लावलं, दुसरं पत्र्याला.

"आकडा वाच."

"शून्य."

तपासून झालं होतं. तरीही ह्यांनी चपला काढल्या. उघड्यावर अनवाणी उभा राहिलेला हा माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. गवतात उभे राहून त्यांनी कडी घट्ट धरली.

"काही नाही. तुझा हात पक्का आहे," ते म्हणाले. "रविवारी बाळाला आधी तूच घे. आणि माझ्या अगदी जवळ आण. चेहरा दिसला पाहिजे मला."