मी मापांची वही

“जागा नक्की केलीय म्हणे. पुढच्या आठवड्यात घरातलं एक माणूस नेऊन...”

शेजारणीचं वाक्य इथवर आलं आणि जिन्यात सूनबाईंच्या चपला वाजल्या. शेजारीण लगेच म्हणाली, “बाकी बाही जरा सैलच ठेवा हं वहिनी,” आणि सटकली. वाक्य अर्धंच राहिलं. मी ते ऐकलं, कारण मी शिलाई मशीनच्या फळीवरच पडले होते. मी मापांची वही बोलतेय.

दोनशे पानं, लाल कापडाची पाठ. माझ्या बाई घरी कपडे शिवतात आणि गिऱ्हाइकांची मापं माझ्यात लिहितात. माणसं वय लपवतात, वजन लपवतात, पण टेपपुढे कुणाचं चालत नाही. पोट आत ओढणारे असतातच. बाई त्यांना बोलण्यात गुंतवतात आणि श्वास सुटला की माप घेतात.

या घरात एक रीत होती. आईला कळू नये असं काही असलं की मुलगा आणि सून इंग्रजीत बोलत. ते इंग्रजी मुलाला शिकवायला बाईंनीच रात्रंदिवस शिलाया मारल्या होत्या. त्या आठवड्यात घरातलं इंग्रजी फार वाढलं. ‘फॉर्म’, ‘रूम’, ‘फोर वीक्स’, आणि मधूनच ‘आई’.

“माणूस म्हणजे मीच,” बाई दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाल्या. “दुसरं कोण जास्तीचं आहे इथं?”

“असं कसं म्हणता? पण सावध राहिलेलं बरं.” शेजारणीनं पदराआडून एक जुनं पुस्तक काढलं. “इंग्रजी बोलायला शिका. हवापाण्याचे धडे सोडा. तुम्हाला हाच धडा लागेल. संशय आणि अविश्वास दाखवण्याची वाक्यं.”

बाईंनी मला उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला घेतलं. आय डाउट इट. आर यू शुअर? आय हॅव माय डाउट्स. समथिंग इज फिशी.

“हे मासळीचं काय?” बाईंनी विचारलं.

“त्यांच्यात संशयाला मासळीचा वास येतो. आपल्याकडे पाणी मुरतं, त्यांच्याकडे त्यात मासेही असतात.”

दोघी हसल्या. पण शेजारीण गेल्यावर बाईंनी कपाट उघडलं आणि आपले चार कपडे वेगळे घडी करून ठेवले. मग मशीनच्या पायडलच्या ठेक्यावर वाक्यं घोकत बसल्या. माझी मागची पानं भरत गेली. पुढची पानं कुणी उघडली नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण वहीला तोंड कुठलं? मला फक्त पानं.

पाचव्या दिवशी जेवताना मुलगा सुनेला म्हणाला, “मंडे मॉर्निंग. डोन्ट टेल आई.”

बाईंनी घास ताटात ठेवला. “आय हॅव माय डाउट्स,” त्या म्हणाल्या.

मुलगा आधी हसला. मग त्यानं आईचे डोळे पाहिले.

“मला कुठं ठेवणार आहात ते आपल्या भाषेत सांगा,” बाई म्हणाल्या. “मी भांडणार नाही. कपडे भरून ठेवलेत.”

सून उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. “तुम्हाला नाही हो आई. यांना. पोटात गाठ आहे. सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचंय, ऑपरेशन आहे. तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून...”

बाई उठल्या आणि मला घेऊन आल्या. पुढून उघडली. मुलाचं पान. त्यांचंच अक्षर. कंबर छत्तीस. त्याखाली चौतीस. त्याखाली, दोन महिन्यांपूर्वी, बत्तीस. दोनदा त्यांनी त्याची पँट आत घेतली होती आणि दोन्ही वेळा म्हणाल्या होत्या, “व्यायाम मानवला बघ तुला.” परक्या गिऱ्हाइकाचं माप असं उतरलं असतं तर त्यांनी विचारपूस केली असती.

“मी मागूनच वाचत बसले रे,” त्या म्हणाल्या.

सोमवारी मी त्यांच्या पिशवीतून दवाखान्यात गेले. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि बाईंच्या डोक्यावरून सुनेशी इंग्रजीत बोलू लागले. बाई मध्येच म्हणाल्या, “आर यू शुअर?”

डॉक्टर थांबले. बाकावर त्यांच्याशेजारी बसले आणि साध्या भाषेत बोलले. “नाही आजी, खात्री नाही. गाठ निघाली, पण ती कसली ते तपासणीनंतर कळेल. आठ दिवस लागतील.”

“हे बरं केलंत,” बाई म्हणाल्या. “नसलेली खात्री दिली नाहीत.”

शेजारणीची बातमी अर्धी खरी निघाली. जागा नक्की केलेली होती, घरातलं एक माणूस महिनाभरासाठी गेलंही. माणूस तेवढं दुसरं निघालं.

आज सातवा दिवस. मी बाईंच्या मांडीवर आहे. तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल, तर संशयाची वाक्यं पाठ करण्याआधी ती पुढून वाचा, एवढंच माझं मागणं. बाईंनी मुलाच्या पानावर बत्तीसखाली पुन्हा ‘कंबर’ लिहिलंय आणि पुढे जागा सोडलीय. तो घरी आला की टेप लावायचीय.