शेकानंतरचे आठ आठवडे

साल दोन हजार चोवीस. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि तिगावजवळच्या एका जुन्या कापसाच्या गोदामात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सौंसरहून जीपा भरून येत, लोधीखेड्याहून ट्रॅक्टर येत. भैय्याजी नावाचा माणूस तिथे नुसत्या हाताने पोटातली गाठ काढायचा. चाकू नाही, टाका नाही. रोग्याच्या पोटाला हळद फासायची, वर ओला कापूस चोळायचा. कापूस रक्तासारखा लाल व्हायचा आणि त्यातून बोराएवढी काळपट गाठ निघायची. गाठ लगेच होमात जायची. धूर उठला की सगळे हात जोडत.

त्याची एकच अट होती, आणि तिच्यावरच लोक भाळले होते.

"मी डॉक्टरच्या विरोधात नाही जी," तो माईकवरून म्हणायचा. "आधी नागपूरले जा, किरणांचा शेक पुरा घ्या, मग या. डॉक्टर गाठ शिजवते, मी उतरवतो. कच्ची भाजी कोणी उतरवते काय?"

लोक हसत आणि माना डोलवत.

तिसऱ्या रांगेत उषाबाई बसल्या होत्या. पांढुर्ण्याच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा हा पाचवा रविवार. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान हेमंतराव याच गोदामात आडवे झाले होते. गुदाशयाचा, म्हणजे शौचाच्या वाटेचा कॅन्सर. पाच आठवडे किरणांचा शेक आणि किमोच्या गोळ्या झाल्या होत्या. आठ आठवड्यांनी ऑपरेशन होतं. त्या मधल्या दिवसांत शौचातून पडणारं रक्त थांबलं, भूक लागली, गडी हसू लागला. भैय्याजीने 'गाठ काढली' आणि हेमंतरावांनी ऑपरेशनची तारीख सोडली. विज्ञानाच्या बाईंनीही तेव्हा तोंड उघडलं नाही. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर लावायच्या पिशवीची धास्ती नवऱ्याइतकीच त्यांना होती. दीड वर्षात गाठ यकृतात पोचली. शेवटचे दोन महिने हेमंतराव कुशीवर वळायलाही घाबरत. ते बाई विसरल्या नव्हत्या, आणि विसरायचं त्यांनी ठरवलंही नव्हतं.

शेजारी उत्तम बसला होता. नगरपालिकेत पाण्याच्या लाईनवर काम करणारा, त्यांचा जुना विद्यार्थी. सोबत बायको करुणा. त्याचंही तेच दुखणं, तोच शेक. गुरुवारी ऑपरेशन होतं, आणि तो जाणार नव्हता.

"बाई, रक्त बंद झालं. आता कायले चिरून घेऊ? वरून पोटावर पिशवी लटकवून फिरू?"

"ती काही महिन्यांची आहे असं डॉक्टर म्हणाले ना? भैय्याजीने हात कधी ठेवला?"

"मागच्या रविवारी."

"आणि रक्त कधी थांबलं?"

"त्याच्या पंधरा दिवस आधी." उत्तम थोडा अडखळला. "त्याले आधीच समजलं असन, मी येऊन राहिलो म्हणून."

करुणाने कपाळाला हात लावला. "लाईन जोडायच्या आधी पाणी येते काय हो तुमच्या नळाले?"

तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "शेक संपलेले पुढे या." उषाबाई उठल्या. बगलेत जाड फाईल होती. भैय्याजीच्या चेल्याने वरचा नागपूरच्या दवाखान्याचा शिक्का पाहिला.

"शेक कधी संपला, आजी?"

"तीन आठवडे झाले."

आतलं पान कोणी उलटलं नाही. त्या आडव्या झाल्या. हळद लागली, ओला कापूस फिरला, लाल ओघळ साडीवर उतरला, आणि भैय्याजीने चिमटीत गाठ धरून वर दाखवली. गोदाम जयजयकाराने भरलं. तो होमाकडे वळणार, तोच बाईंनी त्याचं मनगट पकडलं. शाळेत कित्येक कान पिळलेला हात होता तो.

"करुणा, पुढे ये. फाईलच्या आतलं नाव वाच. माईकवर."

करुणाने वाचलं. "हेमंत... वय एकसष्ट... पुरुष."

"माझे यजमान. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. मला कसलाच रोग नाही. मेलेल्या माणसाची गाठ याने माझ्या पोटातून काढली."

भैय्याजी क्षणभरच गांगरला. "नवरा-बायकोचा देह एकच असते, माय. त्याची उरलेली पीडा तुमच्या पोटात..."

"मग त्यांची उरलेली पेन्शनही माझ्या पोटातच असेल, तीही काढ." मागच्या रांगा हसल्या. पहिलं हसू आलं तिथेच त्याचं देवपण गळालं.

बाईंनी उत्तमला पुढे बोलावून ताटातली हळद त्याच्या तळहातावर चोळली आणि वाटीतला ओला कापूस वर दाबला. तळहात लालभडक झाला. वाटीत चुन्याची निवळी होती.

सौंसरच्या बाजारात कुंकू विकणारी कलाबाई पुढे सरसावली. "हे तर कुंकू आहे. हळदीले चुना पाजून आम्ही आयुष्यभर हेच करून राहिलो, अन् इथे येऊन त्याच्या पाया पडून राहिलो." तिने गाठ हातात घेऊन दाबली, हुंगली. "अन् हे बोकडाची कलेजी. कापसात दाबून आणली मुडद्याने."

भैय्याजी मागच्या दाराकडे सरकला. दार बाहेरून बंद होतं. कडी बाईंनी येतानाच लावून ठेवली होती. गर्दीतल्या कोणीतरी पोलिसांना फोन केला, आणि ते येईपर्यंत तो स्वतःच्या होमाच्या धुरात खोकत बसला. बाई समोर खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी कोणालाही त्याला पाणी देऊ दिलं नाही.

गुरुवारी उत्तमचं ऑपरेशन झालं. सात महिन्यांनी पिशवी निघाली. तो कामावर आहे, आणि करुणा त्याला तपासणीची एकही तारीख चुकवू देत नाही. कलाबाई बाजारात गिऱ्हाइकाला कुंकवासोबत ही गोष्ट फुकट देते. भैय्याजी जामिनावर सुटला. नंतर त्याला मुतखडा झाला, तेव्हा तो नागपूरच्या दवाखान्यात भरती झाला. कापूस आणि हळद घेऊन कोणाला बोलावलं नाही. फसवणुकीचा खटला चालू आहे. प्रत्येक तारखेला उषाबाई पहिल्या बाकावर बसतात आणि त्याच्याकडे बघत राहतात. क्षमा करा, असं त्याने एकदा सांगून पाठवलं. क्षमा हेमंतरावांकडे माग, असं त्यांनी उलट कळवलं.

शेकाने गाठ आकसते, रक्त थांबतं, माणसाला बरं वाटतं. याचा अर्थ मुळं गेली असा नाही. पुढे चिरायचं की नाही, हे आतून तपासून डॉक्टरच सांगू शकतात. त्या आठ आठवड्यांत जो कोणी तुमच्या दारी चमत्कार घेऊन येईल, त्याला एवढंच विचारा, रक्त आधी थांबलं की तू आधी आलास. आणि दिलेल्या तारखेला दवाखान्यात जा.